एकल-केस संशोधनाची डेटा फाइल संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअरमध्ये नीट कशी आणायची

एकल-केस संशोधनात माणसं थोडी आणि मोजमापं वारंवार असतात. एकाच मुलाचं वाचन, एकाच रुग्णाचं बोलणं, एकाच वर्गातली शिस्त पुन्हा पुन्हा मोजायची. आधी काही सत्रं कुठलाही हस्तक्षेप न करता, म्हणजे बेसलाइनवर, आणि मग हस्तक्षेप सुरू असताना. सगळा निष्कर्ष दहा-वीस आकड्यांवर उभा राहतो. हजार जणांच्या सर्वेक्षणात एखादा सेल चुकला तर तो गर्दीत विरून जातो, इथे मात्र एका चुकीच्या सेलने निकाल फिरतो. म्हणून डेटा आत आणण्याच्या कामाला विश्लेषणाइतकाच वेळ द्यावा, असं मी आग्रहाने सांगतो.

पुढची उदाहरणं मुख्यतः आर या मोफत सॉफ्टवेअरची आणि त्यातल्या 'स्कॅन' पॅकेजची, म्हणजे वेगळ्याने बसवायच्या जादा फंक्शनांच्या संचाची, आहेत. हे पॅकेज खास एकल-केस डेटासाठीच बनवलेलं आहे. एसपीएसएस आणि जामोवी वापरणाऱ्यांसाठी शेवटाकडे वेगळं लिहिलं आहे, पण फाइल तयार करण्याचा भाग सगळ्यांना सारखाच लागू आहे. आज्ञांची आणि रकान्यांची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत, संगणकावर मात्र ती रोमन अक्षरांतच टाइप करायची.

आधी फाइलचा साचा

सॉफ्टवेअरला प्रत्येक आकड्याबद्दल चार गोष्टी कळाव्या लागतात: हा कोणाचा, कोणत्या टप्प्यातला, कितव्या वेळचा आणि किती. म्हणून चार रकाने हवेत आणि एका ओळीत एकच मोजमाप हवं. याला लांब मांडणी म्हणतात. एका मुलाच्या वाचनाची, मिनिटाला किती शब्द बरोबर वाचले याची, फाइल अशी दिसेल:

केस, टप्पा, सत्र, शब्द
क०१, ए, १, १२
क०१, ए, २, १५
क०१, ए, ३, ११
क०१, ए, ४, १४
क०१, ए, ५, १३
क०१, बी, ६, १६
क०१, बी, ७, १८
क०१, बी, ८,
क०१, बी, ९, २१
क०१, बी, १०, २०
क०१, बी, ११, २३

ए म्हणजे बेसलाइन आणि बी म्हणजे हस्तक्षेप. आठव्या सत्राला मूल आलं नव्हतं, म्हणून तिथला आकडा रिकामा आहे, पण ओळ आहे. ही ओळ लक्षात ठेवा, तिच्याकडे पुन्हा यायचं आहे. दुसऱ्या केसच्या ओळी याच्याच खाली क०२ या नावाने सुरू होतील. वेगळी शीट नको, वेगळी फाइलही नको.

प्रत्यक्षात नोंदी अशा क्वचितच मिळतात. बहुतेक जण एक्सेलमध्ये आडवी मांडणी करतात: वर सत्रांचे क्रमांक, डावीकडे मुलांची नावं आणि टप्पा दाखवायला रंग. कागदावर किंवा पडद्यावर हे फार छान दिसतं. पण फाइल सीएसव्ही म्हणून, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल म्हणून, सेव्ह केली की रंग जातो आणि त्याबरोबर टप्प्याची माहितीही जाते. पिवळे सेल बेसलाइन आणि हिरवे हस्तक्षेप हे फक्त तुमच्या डोळ्यांना कळतं, सीएसव्हीत ते उतरत नाही. त्यामुळे रंग ठेवायचे तर ठेवा, पण टप्प्याचा रकाना वेगळा लिहा.

एकत्र जोडलेल्या सेलचंही तेच. पाच ओळींचे सेल मर्ज करून त्यात एकदाच 'बेसलाइन' लिहिलेलं असतं. फाइल वाचली जाते तेव्हा ते नाव फक्त पहिल्या ओळीत येतं आणि खालच्या चार रिकाम्या राहतात. मर्ज काढून नाव प्रत्येक ओळीत खाली ओढणं हा सरळ उपाय. फाइल मोठी असेल तर आरमधल्या 'टायडी-आर' पॅकेजचं 'फिल' हे फंक्शन वरचं नाव खालच्या रिकाम्या जागांत भरतं. त्याच पॅकेजचं 'पिव्हट लाँगर' आडव्या मांडणीची लांब मांडणी करून देतं. हाताने कॉपी-पेस्ट करून मांडणी बदलण्यापेक्षा हे कितीतरी सुरक्षित, कारण हाताने करताना एक आकडा एक ओळ खाली सरकला तर पुढचं सगळं सरकतं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

नावं आणि आकडे लिहिताना

रकान्यांची नावं छोटी, रोमन लिपीत आणि मधे जागा न सोडता द्यावीत. आरचं साधं 'रीड-सीएसव्ही' फंक्शन नावातल्या जागेच्या ठिकाणी टिंब घालतं. मग तुम्ही शोधता ते नाव सापडत नाही आणि त्रुटीचा संदेश वाचून कारण कळत नाही.

आकडे इंग्रजी अंकांतच टाइप करा. मराठी कीबोर्ड चालू राहून '१२' असं देवनागरीत टाइप झालं, तर आर त्याला संख्या मानत नाही. तो मजकूर ठरतो आणि त्याच्यामुळे पूर्ण रकाना मजकूर म्हणून वाचला जातो.

केस आणि टप्प्यांची नावं मराठीत लिहायला काही हरकत नाही, पण दोन गोष्टी सांभाळा. पहिली अदृश्य आहे. 'दुसऱ्या' या शब्दातलं जोडाक्षर दोन वेगळ्या पद्धतींनी टाइप होतं. एकात स्वतंत्र 'ऱ' वापरलेला असतो, दुसऱ्यात साध्या 'र'नंतर न दिसणारं जोडचिन्ह असतं. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द आहेत. दोन जणांनी वेगवेगळ्या कीबोर्डवर नोंदी केल्या असतील तर एकाच टप्प्याचे दोन टप्पे होऊ शकतात.

दुसरी गोष्ट क्रमाची. मजकुराचं वर्गीकरण करताना आर सहसा अक्षरक्रम लावतं. टप्प्यांची नावं 'पायाभूत' आणि 'उपचार' ठेवलीत तर 'उपचार' आधी येतो, कारण स्वर व्यंजनांच्या आधी लागतात. मग प्रतीपगमन (रिग्रेशन) चालवलं की तुलना उलटी होते: उपचार हा आधार धरला जातो आणि बेसलाइन हा बदल. सुधारणा झालेली असताना उत्तर उणे येतं. म्हणूनच या क्षेत्रात बेसलाइनला ए आणि हस्तक्षेपाला बी म्हणायची रीत सोयीची पडते. अक्षरक्रम आणि काळाचा क्रम एकच राहतो.

केसच्या क्रमांकांनाही हेच लागू आहे. क१, क२ ... क१० असं लिहिलं तर मजकुराच्या क्रमात क१०चा नंबर क२च्या आधी लागतो. क०१, क०२ असं लिहा. मुलांची खरी नावं फाइलमध्ये घालूच नका. कोणता क्रमांक कोणाचा याची यादी वेगळ्या, कुलूपबंद जागी ठेवा.

हस्तक्षेप काढून पुन्हा सुरू केला असेल, म्हणजे ए-बी-ए-बी अशी रचना असेल, तर टप्पे ए१, बी१, ए२, बी२ असे लिहा. दोन्ही बेसलाइनना नुसतं 'ए' म्हटलं आणि गट पाडून सरासरी काढली, तर दोन महिन्यांच्या अंतरावरचे दोन टप्पे एकाच गटात जमा होतात. एकत्र घ्यायचेच असतील तर ते विश्लेषणाच्या वेळी सांगता येतं. फाइलमध्ये एकदा मिसळलेलं मात्र वेगळं काढणं कठीण.

एक्सेल परस्पर करतं ते बदल

एक्सेल टाइप केलेल्या गोष्टीचा अर्थ लावू पाहतं. दहापैकी सात बरोबर म्हणून तुम्ही '७/१०' लिहिता आणि एक्सेल त्याची तारीख करतं. संगणकाच्या सेटिंगनुसार ती ७ ऑक्टोबर होते किंवा १० जुलै. आत एक क्रमांक साठवला जातो आणि मूळ गुण निघून जातात. सेलचा प्रकार नंतर बदलून ते परत येत नाहीत. म्हणून बरोबर उत्तरं एका रकान्यात, एकूण प्रश्न दुसऱ्या रकान्यात आणि टक्केवारी सॉफ्टवेअरमध्ये काढायची. ही अडचण फक्त आपल्या क्षेत्राची नाही. एक्सेल काही मानवी जनुकांच्या नावांच्याही तारखा करत असे, म्हणून जनुकांना नावं देणाऱ्या समितीने २०२०मध्ये ती नावंच बदलून घेतली. एक्सेलमध्ये असे आपोआप बदल बंद करण्याचा पर्याय २०२३मध्ये आला. तुमच्या आवृत्तीत तो असेल तर वापरा.

खऱ्या तारखाही वर्ष-महिना-दिवस याच क्रमाने लिहा. '५/६' म्हणजे ५ जून की ६ मे, हे फाइल पाहून कुणालाच ठरवता येत नाही.

सेव्ह करताना एक्सेलच्या यादीत सीएसव्हीचे एकाहून जास्त प्रकार दिसतात. त्यातला 'सीएसव्ही यूटीएफ-८' निवडा. साध्या सीएसव्हीत देवनागरी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. आणखी एक: ज्या संगणकांवर दशांशासाठी टिंबाऐवजी स्वल्पविराम वापरायची सेटिंग आहे, तिथल्या एक्सेलमधून निघालेल्या सीएसव्हीत रकाने अर्धविरामाने वेगळे केलेले असतात. अशी फाइल साध्या पद्धतीने उघडली की सगळं एकाच रकान्यात कोंबलेलं दिसतं. आरमध्ये तिच्यासाठी 'रीड-सीएसव्ही-२' हे वेगळं फंक्शन आहे.

गैरहजेरी कशी लिहायची

आता वरच्या उदाहरणातलं आठवं सत्र. ते लिहिण्याच्या चार पद्धती लोक वापरतात: सेल रिकामा ठेवतात, शून्य टाकतात, ९९९ टाकतात किंवा ती ओळच काढून टाकतात. या चारांतली पहिली एकच सुरक्षित आहे, आणि फरक किती पडतो ते याच आकड्यांवर पाहा.

बेसलाइनची सरासरी १३ आहे. रिकामा सेल 'माहिती नाही' म्हणून नीट वाचला गेला तर हस्तक्षेप टप्प्यात १६, १८, २१, २० आणि २३ उरतात आणि सरासरी १९.६ येते. शून्य टाकलं तर ती १६.३ होते. म्हणजे मूल आलं नाही याची नोंद मुलाला एकही शब्द वाचता आला नाही अशी होते. ९९९ टाकून ते 'माहिती नाही' आहे हे सॉफ्टवेअरला सांगायचं राहिलं, तर सरासरी १८२.८. ही चूक निदान डोळ्यांत भरते. शून्याची चूक भरत नाही, म्हणून ती जास्त वाईट.

एनएपी नावाचा एक निर्देशांक एकल-केस संशोधनात बराच वापरला जातो. त्यात बेसलाइनच्या प्रत्येक आकड्याची हस्तक्षेपातल्या प्रत्येक आकड्याशी जोडी लावतात आणि किती जोड्यांत सुधारणा दिसते ते मोजतात. इथे ५ गुणिले ५ म्हणजे २५ जोड्या होतात आणि सगळ्यांत सुधारणा आहे, म्हणजे एनएपी १०० टक्के. शून्य टाकलं की जोड्या ३० होतात, सुधारणा २५ मध्येच राहते आणि निर्देशांक ८३ टक्क्यांवर येतो.

ओळ काढून टाकणं वरवर निरुपद्रवी वाटतं. सरासरी खरोखरच बदलत नाही, एनएपीही नाही. पण हस्तक्षेप काळात सुधारणेचा वेग काढायचा असेल तर सत्रांचे खरे क्रमांक लागतात. ६, ७, ९, १०, ११ हे क्रमांक धरले तर दर सत्रामागे वाढ १.२३ शब्द. ओळ काढून क्रमांक सलग लावले तर तीच वाढ १.६ शब्द होते. मुलाने काहीही वेगळं न करता त्याचा वेग एक-तृतीयांशाने जवळजवळ वाढला. म्हणून आकडा नसला तरी ओळ ठेवा आणि सत्र क्रमांक कधीच दाबून सलग करू नका.

सेलमध्ये 'गैरहजर', 'आजारी', '१२*' असंही काही लिहू नका. कारण सांगायचं असेल तर 'टीप' नावाचा पाचवा रकाना करा. एकाच सेलमधल्या एका तारकेमुळे पूर्ण रकाना मजकूर म्हणून वाचला जातो.

दुसऱ्या निरीक्षकाच्या नोंदी

अमेरिकेतल्या व्हॉट वर्क्स क्लिअरिंगहाऊस या शैक्षणिक संशोधन पारखणाऱ्या उपक्रमाने एकल-केस अभ्यासांसाठी घालून दिलेल्या निकषांत प्रत्येक टप्प्यात, आणि प्रत्येक स्थितीतल्या (बेसलाइन किंवा हस्तक्षेप) निदान २० टक्के मोजमापांवर, दुसऱ्या निरीक्षकाचीही नोंद असावी लागते. या नोंदी बरेचदा मूळ नोंदींच्या खाली नव्या ओळी म्हणून चिकटवल्या जातात. मग एकाच सत्राच्या दोन ओळी होतात, सॉफ्टवेअर त्यांना दोन मोजमापं समजतं आणि टप्प्यातले बिंदू फुगतात. त्याच निकषांत टप्प्यात किमान ३ मोजमापं आणि बिनशर्त मान्यतेसाठी किमान ५ लागतात. त्यामुळे चुकून वाढलेले बिंदू फक्त सौंदर्याचा प्रश्न राहत नाहीत. दुसऱ्या निरीक्षकाचा आकडा त्याच ओळीत, शेजारच्या रकान्यात लिहा.

आरमध्ये फाइल उघडणं

आरस्टुडिओत, म्हणजे आर वापरायला सोपं करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, नवा प्रोजेक्ट तयार करा आणि सीएसव्ही फाइल त्याच फोल्डरमध्ये ठेवा. मग फाइलचं नुसतं नाव पुरतं, लांबलचक पत्ता लिहावा लागत नाही. विंडोजमधून पत्ता कॉपी करून चिकटवला तर त्यातल्या उलट्या तिरक्या रेघा आरला खटकतात. त्या सरळ तिरक्या रेघा करून घ्याव्या लागतात. 'फाइल-डॉट-चूज' हे फंक्शन खिडकी उघडून फाइल निवडू देतं. पहिल्यांदा करून पाहायला ते बरं, पण त्याने तुम्ही नेमकी कोणती फाइल उघडली याची नोंद स्क्रिप्टमध्ये राहत नाही.

सगळ्यात थेट मार्ग म्हणजे 'स्कॅन' पॅकेज बसवून त्यातलं 'रीड-एससीडीएफ' फंक्शन वापरणं. ते सीएसव्ही वाचतं, एक्सेलची फाइलही वाचतं. त्याला चार रकान्यांची नावं सांगायची असतात: 'सी-व्हार'मध्ये केसचा रकाना, 'पी-व्हार'मध्ये टप्प्याचा, 'डी-व्हार'मध्ये मोजमापाचा आणि 'एम-व्हार'मध्ये सत्राचा. तुमच्या रकान्यांना केस, फेज, व्हॅल्यूज आणि एमटी अशीच नावं असतील तर काहीच सांगावं लागत नाही, कारण पॅकेज तीच गृहीत धरतं. रिकामा सेल आणि 'एनए' अशी दोन अक्षरं, दोन्ही ते 'माहिती नाही' समजतं. ९९९सारखा काही आकडा वापरलेलाच असेल तर तो 'एनए' या पर्यायात सांगावा लागतो.

इथे एक जागा नीट पाहण्यासारखी आहे. सत्राचा रकाना सापडला नाही तर पॅकेज स्वतःच प्रत्येक केससाठी १ पासून सलग क्रमांक लावू शकतं. म्हणजे रकान्याच्या नावात एक अक्षर चुकलं तरी काम अडत नाही आणि तुम्हाला वाटतं सगळं नीट आलं. बहु-बेसलाइन रचनेत हे फार महागात पडतं. तिथे पहिल्या मुलाचा हस्तक्षेप सहाव्या सत्रापासून, दुसऱ्याचा दहाव्यापासून असा मुद्दाम अंतर ठेवून सुरू केलेला असतो, आणि बदल हस्तक्षेपामुळेच झाला हा दावा त्या अंतरावरच टिकतो. एखाद्या मुलाची नोंद चौथ्या सत्रापासून सुरू झाली असेल आणि पॅकेजने तिला १ पासून क्रमांक दिले, तर सगळ्यांचा काळ एकच होता हेच नाहीसं होतं. म्हणून सत्राचा रकाना नेहमी नाव घेऊन सांगा आणि सर्व केससाठी एकच सामाईक घड्याळ वापरा: एक तर अभ्यासाचा दिवस किंवा सामाईक सत्र क्रमांक.

डेटा आधीच आरमध्ये साध्या तक्त्याच्या रूपात असेल तर 'अ‍ॅज-एससीडीएफ' हे फंक्शन त्याच चार नावांनी तो बदलून देतं. मला हाच दोन पायऱ्यांचा मार्ग जास्त आवडतो. आधी साधा तक्ता वाचायचा, त्याची तपासणी करायची आणि मगच एकल-केस स्वरूपात न्यायचा. चूक असेल तर ती साध्या तक्त्यात लवकर दिसते.

साधा तक्ता आला, आता तपासणी

'एसटीआर' ही आज्ञा प्रत्येक रकान्याचा प्रकार सांगते. मोजमापाच्या रकान्यापुढे संख्या असं न येता मजकूर असं आलं तर कुठेतरी तारका, शब्द किंवा देवनागरी अंक आहे. तो शोधायला रकान्यावर 'अ‍ॅज-न्यूमेरिक' चालवा आणि कोणत्या ओळी 'एनए' झाल्या ते पाहा. त्याच ओळींत गुन्हेगार आहे. मूळ रकाना मात्र तसाच ठेवून हे वेगळ्या रकान्यात करा.

रकाना 'फॅक्टर' प्रकारचा असेल तर 'अ‍ॅज-न्यूमेरिक' थेट कधीच चालवू नका. फॅक्टरमध्ये आर प्रत्येक वेगळ्या मूल्याला आतून क्रमांक देतं. १२, १५, ११ असे आकडे असतील तर उत्तर येतं २, ३, १. कुठलाही इशारा नाही, आकडे दिसायलाही बरे. आधी मजकुरात बदला, मग संख्येत. २०२०मध्ये आलेल्या आर ४.०.० पासून 'रीड-सीएसव्ही' मजकुराचे फॅक्टर आपोआप करत नाही, पण जुन्या स्क्रिप्ट आणि जुने संगणक अजून वापरात आहेत.

पहिल्या रकान्याच्या नावाआधी विचित्र चिन्हं दिसली तर घाबरू नका. एक्सेल यूटीएफ-८ फाइलच्या सुरुवातीला एक अदृश्य खूण टाकतं, ती नावाला चिकटते. 'फाइल-एन्कोडिंग' या पर्यायात 'यूटीएफ-८-बीओएम' लिहिलं की जाते. 'रीडर' पॅकेजचं 'रीड-अंडरस्कोर-सीएसव्ही' ही खूण स्वतःच काढतं. विंडोजवर जुन्या आरमध्ये देवनागरी अक्षरं फुटायची, २०२२च्या ४.२.० आवृत्तीपासून हा त्रास बराच कमी झाला. जुनी आवृत्ती असेल तर आधी ती बदला, मग बाकीचं.

पुढची पायरी मी कधीच सोडत नाही: केस आणि टप्पा या दोन रकान्यांचा 'टेबल' आज्ञेने तक्ता काढणं. प्रत्येक केसच्या प्रत्येक टप्प्यात किती ओळी आल्या ते एका नजरेत दिसतं. आपल्या उदाहरणात ए मध्ये ५ आणि बी मध्ये ६ यायला हवेत. टप्पे दोनऐवजी तीन दिसले तर कुणीतरी 'ए'नंतर स्पेस दाबलेली असते. 'ट्रिम-डब्ल्यूएस' ती काढतं. स्पेस काढूनही दोन सारखी दिसणारी नावं वेगळी राहिली तर वर सांगितलेल्या जोडाक्षराचा संशय घ्या. एकाच केसचं एकच सत्र दोनदा आलं आहे का तेही याच वेळी पाहा. आलटून-पालटून दोन पद्धती वापरायच्या रचनेत एका दिवशी दोन मोजमापं असणं योग्य असू शकतं, इतरत्र ती बहुधा चिकटवाचिकटवी असते.

मग सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा आकडा. टक्केवारीच्या रकान्यात १०० च्या वर काही असेल किंवा दहा प्रश्नांच्या चाचणीत ११ गुण असतील, तर कागदी नोंद काढून बघा. अंदाजाने दुरुस्त करू नका.

शेवटी आलेख. एकल-केस संशोधनात आलेख हाच मुख्य पुरावा मानला जातो, म्हणून तपासणीतही त्याच्यावर विसंबा. आरने काढलेला आलेख आणि हाताने किंवा एक्सेलमध्ये आधी काढलेला आलेख शेजारी ठेवा. टप्पा बदलाची उभी रेघ पाचव्या आणि सहाव्या सत्राच्या मधे आहे ना? आठव्या सत्राच्या जागी रेघ तुटते आहे ना? तुटायला हवी, कारण तिथे माहिती नाही. 'स्कॅन'मध्ये 'फिल-मिसिंग' नावाचं फंक्शन अशा जागा शेजारच्या आकड्यांवरून भरून देतं. ते वापरायचं की नाही हा विश्लेषणाचा निर्णय आहे आणि वापरलंत तर अहवालात लिहावं लागतं. फाइल आणतानाच कुणाला न सांगता ते चालवू नये.

छापील आलेखातून काढलेले आकडे

जुन्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेताना मूळ फाइल मिळत नाही, आलेखच मिळतो. वेबप्लॉटडिजिटायझरसारख्या साधनाने त्यातले बिंदू टिपता येतात. पण टिपलेलं सत्र १.०२, १.९८, ३.०४ असं येतं. सत्राचे आकडे आधी पूर्णांकात गोल करून घ्या आणि मग एकाच सत्राचे दोन बिंदू झाले का ते पाहा. मोजमापही मोजणीचं असेल, म्हणजे किती वेळा बोलला असं, तर ३.९७ म्हणजे ४. टक्केवारी असेल तर ती गोल करण्याआधी किती संधींवर काढली आहे ते लेखात शोधा. आलेखात दोन बिंदू एकमेकांवर आले असतील तर एक निसटतो, म्हणून लेखात सत्रांची संख्या दिली असेल तर तिच्याशी पडताळा. कोणता आकडा छापील आणि कोणता टिपलेला, यासाठी एक रकाना जरूर ठेवा.

एसपीएसएस आणि जामोवी

एसपीएसएसमध्ये फाइल मेनूतून डेटा आयात करताना खिडकीत प्रत्येक रकान्याचा प्रकार दिसतो. तिथेच मोजमापाचा रकाना संख्या आहे याची खात्री करा. आडव्या मांडणीची लांब मांडणी करायला डेटा मेनूत 'रीस्ट्रक्चर' आहे. ९९९ वापरलं असेल तर व्हेरिएबल व्ह्यूमधल्या 'मिसिंग' रकान्यात ते नोंदवल्याशिवाय एकही सरासरी काढू नका. केसनिहाय निकाल हवे असतील तर 'स्प्लिट फाइल'. एसपीएसएसची फाइल नंतर आरमध्ये न्यायची असेल तर 'हेवन' पॅकेज ती वाचतं आणि तिथे मिसिंग म्हणून नोंदवलेले आकडे आपोआप 'एनए' करतं.

जामोवी सीएसव्ही, एक्सेल आणि एसपीएसएसच्या फाइली थेट उघडतं. तिथे फक्त प्रत्येक रकान्याचा प्रकार तपासा. गुण ०, १, २ अशा थोड्याच मूल्यांचे असतील तर जामोवी रकाना संख्यात्मक न धरता वर्गवारीचा धरू शकतं.

जपून ठेवण्याची व्यवस्था

मूळ फाइल 'कच्चा' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवा आणि ती फक्त वाचता येईल अशी करा. सगळ्या दुरुस्त्या स्क्रिप्टमधून करा आणि प्रत्येक दुरुस्तीशेजारी कारण लिहा: 'क०२, सत्र १४, नोंदवहीप्रमाणे ७१ नाही, १७.' तपासलेला डेटा 'राइट-एससीडीएफ'ने नव्या नावाने सेव्ह करा. फाइलबरोबर एक साधी मजकूर फाइल ठेवा. त्यात प्रत्येक रकाना काय सांगतो, मोजमापाचं एकक काय, ए आणि बी म्हणजे काय आणि वेळ दिवसांत आहे की सत्रांत, एवढं लिहिलेलं असलं की सहा महिन्यांनी पुन्हा काम हाती घेणाऱ्याला, मग ते तुम्ही स्वतः असलात तरी, कुणालाही काही विचारत बसावं लागत नाही.